रिन्स्केच्या हातावरचा ओरखडा

रिन्स्के बोसवाइक सुईला घाबरते, हे मला तिच्या घरात दोन वर्षं काढल्यावर कळलं. तोवर मी समजत होतो की ती कशालाच घाबरत नाही. वादळात छपरावर चढून निसटलेलं कौल बसवणारी बाई. आणि सुया टोचणं हे तर तिचं रोजचं काम. तीस वर्षं ती सशांच्या कानातल्या शिरेत सुई घालत आली होती. आपल्याही अंगात एखादी शीर आहे, हे तिने कधी मनावर घेतलं नव्हतं.

तिचं घर देवेंटरमध्ये, आयसेल नदीपासून दोन गल्ल्या आत. अरुंद आणि उंच. छपराखालची खोली माझी. साहित्याची पदवी घेऊन मी एका पुस्तकांच्या दुकानात काम करत होतो आणि स्वस्त खोली शोधत होतो. पहिल्या दिवशी मी तिला "अहो" म्हणालो. तिने किल्ली पुढे केलेला हात मागे घेतला.

"हे बघ, अहो-जाहो करायचं असेल तर दुसरं घर शोध. मी रिन्स्के. तू?"

"योरिस."

"शिकलास काय?"

"साहित्य."

"म्हणजे नळ गळायला लागला तर तू त्याच्याकडे बघत बसणार."

त्या दिवसापासून मी तिचा कविराज. मी आयुष्यात एक ओळ कविता लिहिलेली नाही. तिला त्याने काही फरक पडला नाही.

गावाबाहेर लसी तपासणारी एक संस्था आहे, तिथे ती ससे सांभाळायची. लस बाटलीत भरण्याआधी एक गोष्ट बघावी लागते. तिच्यात मेलेल्या जंतूंची घाण राहिली असेल तर टोचून घेणाऱ्याला ताप भरतो. तो माणसाला भरण्याआधी सशाला भरतो का ते बघायचं, ही जुनी रीत. ससा एका खोक्यात बसवतात. मान बाहेर. मागून तापमापक लावतात, कानात लस टोचतात आणि वाट बघत बसतात. ताप आला तर ती सगळी खेप फेकून देतात. नाही आला तर खेप बाळांकडे जाते आणि ससा पिंजऱ्यात. काही आठवड्यांनी पुन्हा खोकं.

"त्यांना काही होत नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"खेप चांगली असेल तर काही नाही. वाईट असेल तर ताप. आणि म्हातारे झाले की मग..." ती पाव कापत होती. "पाव संपत आलाय. उद्या येताना आण."

घाबरलेला ससा आपसूक तापतो. मग तो ताप लसीचा की भीतीचा, हे कळत नाही. रिन्स्केचे ससे घाबरत नसत. ती उजवा तळहात सशाच्या डोळ्यांवर ठेवायची आणि घशातून एक बारीक घुमणारा आवाज काढायची. गाणं म्हणता येणार नाही. दूर कुठेतरी बोट चालली आहे, असा आवाज. ससा अंग सैल सोडायचा. दुसऱ्या ठिकाणी चाचण्या फसत, हिच्याकडे फसत नसत. तिला त्याचा अभिमान होता. तो तिने कधी लपवला नाही.

सशांना नावं ठेवायची नसतात. कानावर क्रमांक असतो. तिने तरी ठेवली होती, सगळी नदीकाठच्या गावांची. हात्तेम, झुत्फेन, दूसबुर्ग, काम्पेन. कुणी हटकलं तर ती म्हणायची, "मी भूगोल म्हणून दाखवतेय."

त्यामागे एक जुनी गोष्ट होती. तिचे वडील अंगणातल्या छपरीत ससे पाळायचे, नाताळच्या जेवणासाठी. छोट्या रिन्स्केकडे त्यांना गवत घालायचं काम होतं. वडिलांची ताकीद होती, नाव ठेवू नकोस. तिने एकाला ठेवलं. नाताळच्या रात्री तो मनुका आणि शिरक्यात शिजून ताटात आला.

"मग? खाल्ला नाहीस ना?"

"खाल्ला की." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "चांगला लागला. त्याचंच वाईट वाटलं."

मी येण्याआधी कितीतरी वर्षं मारेन तेन काते नावाची बाई त्या संस्थेत एका वेगळ्या चाचणीच्या मागे लागली होती. माणसाचं ताजं रक्त घ्यायचं. त्यात लसीचा थेंब टाकायचा. लस घाण असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी बिथरतात आणि एक द्रव्य सोडतात. त्याचा रंग काचेच्या छोट्या वाट्यांमध्ये पिवळा दिसतो. ससा नाही, खोकं नाही. माणसाला ताप येईल का हे माणसाच्याच रक्ताला विचारायचं. मारेन उंच, घाईत असणारी, सायकलला कुलूप लावायला विसरणारी. दोन सायकली गेल्या होत्या तिच्या.

"तुझं काम घालवणार आहे ती," मी रिन्स्केला म्हणालो.

"घालवू दे."

"खरंच?"

तिने कॉफीत दूध ओतलं, नको तेवढं. "मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, बंद करा. आणि मग घरी येऊन तुझ्यावर ओरडले असते."

मारेनला रक्त देणारे लागायचे. धडधाकट, औषधं न घेणारे. रिन्स्केने मला न विचारता माझं नाव सांगितलं. "तरुण आहे, दारू परवडत नाही त्याला," असं सांगितलं म्हणे. मी जायला लागलो. रक्त दिल्यावर गावचा मधाचा केक मिळायचा, लोणी लावून. मला तेवढं पुरे होतं.

त्या शरदात शेवटची पडताळणी ठरली. एकच खेप सशांनाही टोचायची आणि रक्तातही तपासायची. दोन्हींचं म्हणणं एक आलं, तर ससे बंद. नाही आलं, तर नाताळआधी तरुण सशांची नवी तुकडी येणार आणि पुढची काही वर्षं सगळं जसंच्या तसं. ठरवणारा खेर्बेन होता, विभागाचा प्रमुख. वाईट माणूस नव्हता. त्याला झोप हवी होती एवढंच. बाळांना जाणाऱ्या लसीवर त्याची सही असायची आणि सशांनी त्याला आजवर कधी दगा दिला नव्हता.

रक्त देणारे चौघे ठरले होते. त्या सकाळी एक जण शिंकत आला आणि मारेनने त्याला दारातूनच परत पाठवलं. मी बाही वर करून खुर्चीत बसलो होतो. मारेन धावत सशांच्या इमारतीत गेली आणि रिन्स्केला घेऊन आली.

रिन्स्के पांढरीफटक पडली होती. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही. तिकडे बघ."

"कुठे?"

"कुठेही. माझ्याकडे नको."

नर्स भराभर विचारत गेली. ताप? नाही. दात दुखतोय? नाही. वेदनेची गोळी घेतली? नाही. कुठे जखम? नाही. रिन्स्के खिडकीबाहेर बघत होती. सुई गेली तेव्हा तिने माझी बाही इतकी घट्ट धरली की शिवण उसवली.

काही दिवसांनी ती स्वयंपाकघरात कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"फसलं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"रक्तात लस टाकायच्या आधीच ते पिवळं झालं. नुसत्या मिठाच्या पाण्यालासुद्धा पिवळं. म्हणजे ते आधीच बिथरलेलं होतं. चौघांचं एकत्र मिसळलेलं, त्यामुळे कुणाचं ते कळत नाही. मारेनने कारण दिलं तर थांबतो, असं खेर्बेन म्हणतोय. कारण नसेल तर चाचणीच कच्ची, मग शुक्रवारी ससे मागवणार." तिने माझ्याकडे बघितलं. "तुला काही झालं होतं का?"

"मला? नाही."

"नीट आठव. तुमच्या जातीच्या लोकांना काही ना काही होतच असतं."

"कुठल्या जातीच्या?"

"पुस्तकं वाचणाऱ्या. घसा, पोट, मन."

मी शपथेवर सांगितलं की मला घसा, पोट आणि मन तिन्ही ठीक होतं. मारेननेही फोन करून तेच विचारलं. बाकी दोघांनाही काही झालेलं नव्हतं.

रविवारी रिन्स्केच्या बहिणीचा, याकोमीनचा वाढदिवस होता. खुर्च्या भिंतीकडेने गोल मांडलेल्या. आत आलं की प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. बहिणीच्या वाढदिवसाचं अभिनंदन, आईच्या वाढदिवसाचं अभिनंदन. घरमालकिणीच्या बहिणीच्या वाढदिवसाबद्दल माझंही चार जणांनी अभिनंदन केलं. मग बसायचं आणि केकची वाट बघायची. रिन्स्के सगळ्यांना डावा हात देत होती.

"उजव्याला काय झालं?" याकोमीनने केकची बशी धरूनच विचारलं.

"काम्पेन."

"पुन्हा?"

"ती तशीच आहे. आता बरं आहे. मध्ये मनगटापर्यंत लाल झालं होतं, काही धरवत नव्हतं." रिन्स्केने बशी घेतली. "केक तू केलास की विकतचा?"

मी माझा कप खाली ठेवला.

"रिन्स्के, मध्ये म्हणजे कधी?"

"अरे, त्या आठवड्यात. पडताळणीच्या."

"रक्त दिलंस तेव्हा हात लाल होता?"

"हो. म्हणजे, हो."

"नर्सने जखम आहे का विचारलं होतं. तू नाही म्हणालीस."

"ही जखम नाहीये, योरिस. ही काम्पेन आहे."

तिने मला नावाने हाक मारली होती. ते आधी माझ्या लक्षात आलं. तिच्या लक्षात दुसरंच आलं, की सुजलेल्या हाताचं तिचं रक्त आधीच बिथरलेलं असणार. केकचा घास तिने काट्यासकट बशीत परत ठेवला. तीस वर्षं ससे तिला ओरबाडत होते. हातावर जुन्या पांढऱ्या रेघांचं जाळं होतं. तिच्या हिशेबी जखम म्हणजे सायकलवरून पडणं, चाकू लागणं. ससा म्हणजे जखम नव्हे. ससा म्हणजे सोमवार, मंगळवार.

गोलात कुणीतरी नदीच्या पाण्याबद्दल बोलत होतं. याकोमीनने दुसऱ्यांदा कॉफी ओतली.

आम्ही नदीकाठाने घरी आलो. वारा समोरून होता.

"तू मारेनला सांगणार?" तिने विचारलं.

"नाही. हात तुझा आहे."

"शहाणा आहेस. त्रासदायक शहाणा."

एक मालवाहू बोट गेली. नावाड्याच्या बायकोने मागे कपडे वाळत घातले होते.

"नाही सांगितलं तर काय होईल?" ती म्हणाली. ती मला विचारत नव्हती. "ससे राहतील. निवृत्त होईपर्यंत मी राहीन. नवी तुकडी येईल, त्यांना नावं ठेवीन. नदीच्या वरच्या बाजूची गावं अजून शिल्लक आहेत."

"हो."

"आणि कुणी म्हणणार नाही की रिन्स्केने काही केलं."

"नाही म्हणणार."

ती थांबली. कठड्याला टेकली.

"मी त्यांच्याशी चांगली वागते," ती म्हणाली. "म्हणून तर हे चालतं. ते गप्प बसतात, आकडे सरळ येतात, खेर्बेनला झोप लागते. कुणाला वाईट वाटलं नाही, कारण मी होते. मला वाटायचं, मी त्यांच्या बाजूची आहे."

पदवीसाठी मी माणसाच्या अंतर्मनावर बरीच पानं लिहिली होती. त्यातलं एकही वाक्य मला तिथे कामाचं वाटलं नाही.

"आणि सांगितलं तर पुन्हा सुई," ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही.

सोमवारी काय झालं ते मला मारेनने सांगितलं. रिन्स्के खेर्बेनच्या खोलीत गेली, दार न ठोठावता. मारेन आधीच तिथे होती, हरल्यासारखी बसून. रिन्स्केने उजवा हात टेबलावर ठेवला.

"कारण हवं होतं ना? हे घे."

खेर्बेनने चष्मा लावून ओरखडा बघितला. मग तिच्याकडे बघितलं.

"तुला कळतंय का, हे सांगून तू काय करतेयस?"

"मला सुईची भीती वाटते, खेर्बेन. अक्कल ठिकाणावर आहे."

मग त्याने एकच अट घातली. तेच चौघे, तेच रक्त, फक्त ओरखडा बरा झालेला. आता पाणी पाण्यासारखं राहिलं, तर त्याला पटेल. शुक्रवारच्या आत.

आधी बोटाला टोचून बघितलं, तिच्या अंगात सूज उरली नाही ना. ती छोटी सुई. मग मोठी. ती खुर्चीत बसली, उठली आणि पुन्हा बसली. नर्स म्हणाली, दीर्घ श्वास घ्या. रिन्स्के म्हणाली, श्वास घेऊन काय करू, सुई तिथेच आहे.

मला काय सुचलं ते मला ठाऊक नाही. मी उठलो आणि माझा तळहात तिच्या डोळ्यांवर ठेवला.

ती दचकली. मग म्हणाली, "अंगठा नाकावरून काढ. श्वास अडतो. त्यांचाही अडतो."

मी अंगठा सरकवला. घुमणारा आवाज मला काढता येईना. खोकल्यासारखा काहीतरी निघाला.

"हे काय? बोट बुडतेय का?"

पण तिचे खांदे खाली आले. मला ते तळहातातून कळलं, पापण्या फडफडायच्या थांबल्या तेव्हा. नर्सने मान डोलावली. सुई आत गेली. रिन्स्केने तोंडातून एक लहानसा आवाज काढला.

झाल्यावर ती बराच वेळ केककडे बघत राहिली.

"त्यांना असं वाटत असणार," ती म्हणाली. "अंधार होतो. बरं वाटतं. पण सुई कळतेच."

शुक्रवारी सकाळी मारेन दुकानात आली. तिची सायकल बाहेर कुलपाशिवाय उभी होती. ती पुस्तकांच्या रांगांमधून माझ्यापर्यंत आली आणि भडाभडा सांगायला लागली. पाणी पाण्यासारखं राहिलं. मुद्दाम घाण केलेला नमुना पिवळा झाला. लस स्वच्छ निघाली. सशांनीही तेच सांगितलं होतं. खेर्बेनने ससे मागवले नाहीत.

"रिन्स्केला सांगितलंस?"

"सांगितलं. ती पिंजरे धुवत होती. म्हणाली, बरं. आणि धुवत राहिली."

त्या संध्याकाळी ती माझ्यावर ओरडली. मी टॉवेल चुकीच्या खिळ्याला लावला होता. नंतर तिने मटारचं घट्ट सूप केलं आणि दोन वाडगे मांडले. आम्ही जेवलो.

असलेले ससे घरोघरी द्यायचे ठरले. गावातल्या लोकांनी पुठ्ठ्याची खोकी आणली. रिन्स्के दारात स्टूल टाकून बसली आणि एकेकाची चौकशी केली.

"कुत्रा आहे?"

"आहे, पण म्हातारा..."

"मग नाही. पुढचे."

एका जोडप्याला तिने विचारलं, "नाताळला काय जेवता?"

"आम्ही? मासे," बाई म्हणाली.

"दरवर्षी?"

"माझी सासू कधीकधी..." नवरा बोलायला लागला. बाईने त्याचा पाय दाबला.

"सासूला सांगा, याचं नाव झुत्फेन आहे," रिन्स्के म्हणाली. "नाव तोंडपाठ करून घ्या तिच्याकडून."

शेवटी काम्पेन उरली. जो हात घालेल त्याला ती ओरबाडत होती. एका माणसाने तिला उचललं, खाली ठेवलं आणि दुसरा कुठला ससा आहे का विचारलं. आता ती आमच्या स्वयंपाकघरात राहते. रेडिएटरखालची जागा तिची आहे. माझ्या दोन चपला आणि एका कथासंग्रहाची पाठ तिने खाल्ली. कथासंग्रह फारसा चांगला नव्हता.

रिन्स्केची नोकरी गेली नाही, बदलली. आता ती रक्त देणाऱ्यांकडे बघते. कॉफी करते, केकला लोणी लावते, घाबरलेल्यांच्या शेजारी बसते. नर्सच्या प्रश्नांनंतर ती आपले प्रश्न विचारते. घरी मांजर आहे? ससा? या आठवड्यात गुलाब छाटलेत? हात दाखवा. नाही, दोन्ही. लोकांना ते विचित्र वाटतं, पण दाखवतात. रक्ताची चाचणी तेव्हापासून एकदाही फसलेली नाही, असं मारेन म्हणते. ती आता ती पद्धत दुसऱ्या गावांतल्या संस्थांना शिकवायला जाते. परवा तिची तिसरी सायकल गेली.

रिन्स्के स्वतःही दर काही महिन्यांनी खुर्चीत बसते. तिला कुणी सांगितलेलं नाही. मागच्या वेळी आम्ही बरोबरच गेलो.

"ताप?" नर्सने विचारलं.

"नाही."

"गोळ्या?"

"नाही."

"जखम?"

रिन्स्केने बाही सरकवली. मनगटावर ताजा, लालबुंद ओरखडा होता.

"काम्पेन," ती म्हणाली.

"मग आज नाही. बरं झाल्यावर या."

तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ती उठली, माझ्या वाटणीचा केक उचलला आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"तू दे, कविराज. मी आहे."

"मला भीती नाही वाटत."

"गप बस," ती म्हणाली, आणि तळहात माझ्या डोळ्यांवर ठेवला. त्याला वाळलेल्या गवताचा वास होता. अंगठा तिने नाकावर येऊ दिला नाही.